दूरध्वनी तारांवरील क्रॉसटॉक व त्याचे निवारण

एकाच केबलमधील एका तारजोडीवरून जाणाऱ्या विद्युत संकेताचा काही अंश शेजारच्या तारजोडीत झिरपणे, यास दूरसंचारात क्रॉसटॉक असे म्हणतात. दूरध्वनीवर बोलत असताना मध्येच तिसऱ्याच दोन माणसांचे बोलणे अस्पष्ट ऐकू येणे, हे त्याचे जुन्या पिढीच्या परिचयाचे रूप होय. रोजच्या बोलण्यात यास 'क्रॉस कनेक्शन' म्हटले जाई. मात्र त्यातील काही प्रकार दूरध्वनी केंद्रातील जोडणीच्या दोषामुळेही घडत. पुढे त्याच तांब्याच्या तारांवरून डीएसएल पद्धतीने इंटरनेटची माहिती वेगाने नेली जाऊ लागली, तेव्हा क्रॉसटॉक हा केवळ कानाला होणारा त्रास उरला नाही. तारेवरून किती वेग मिळेल, हे ठरविणारा तो एक प्रमुख घटक बनला.

क्रॉसटॉक हा इतर गोंगाटांहून एका बाबतीत वेगळा आहे. वीज चमकणे, मोटारीच्या ठिणग्या, रेडिओ केंद्राच्या लहरी यांपासून होणारा गोंगाट बाहेरून येतो आणि पुढच्या क्षणी तो कसा असेल हे आधी सांगता येत नाही. क्रॉसटॉक हा मात्र शेजारच्या ग्राहकाचाच संकेत असतो आणि बहुधा तो त्याच दूरध्वनी केंद्रातून निघालेला असतो. म्हणजेच तो केंद्राला आधीपासून ठाऊक असतो. जे ठाऊक आहे ते वजा करता येते, या तत्त्वावर क्रॉसटॉक निवारणाचे आधुनिक उपाय आधारलेले आहेत. प्रत्येकाने आपला संकेत अधिक जोराने पाठविल्याने हा प्रश्न सुटत नाही. कारण एकाचा वाढलेला संकेत हाच दुसऱ्याचा वाढलेला गोंगाट असतो.

पार्श्वभूमी

प्रारंभीच्या दूरध्वनी व्यवस्थेत ग्राहकापर्यंत एकच तार नेली जाई आणि परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा उपयोग केला जाई. अशा अनेक तारा एकाच खांबावरून समांतर जात असल्याने एकीवरील बोलणे दुसरीवर सहज ऐकू येई. विजेवर चालणाऱ्या ट्राम सुरू झाल्यावर गोंगाट आणखी वाढला. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये दोन तारा एकमेकींभोवती पिळून त्यांची एक जोडी करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. खांबांवरील उघड्या तारांच्या बाबतीत ठराविक अंतरावर दोन तारांच्या जागांची अदलाबदल करण्याची युक्ती वापरात आली. या दोन्ही उपायांमागील तत्त्व एकच आहे.

भारतात २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कोलकाता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. पुढील सुमारे शंभर वर्षे या तारांचे काम मानवी आवाज पोहोचविण्याचे होते. दूरध्वनीवरील आवाजासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा वारंवारतांचा पट्टा पुरेसा मानला जातो. एवढ्या कमी वारंवारतेस पिळलेल्या जोड्यांमधील क्रॉसटॉक अत्यल्प असतो. त्यामुळे आवाजासाठी टाकलेली केबल उत्तम वाटत असली, तरी तीच केबल उच्च वारंवारतेस कशी वागेल याची परीक्षा कधी झालेली नसे.

ती परीक्षा डीएसएलने घेतली. या पद्धतीत आवाजाच्या पट्ट्याच्या वर असलेल्या, लाखो हर्ट्झच्या वारंवारता माहितीसाठी वापरल्या जातात. तार तीच राहते. बोलणे व इंटरनेट एकाच वेळी चालते. या मालिकेतील महत्त्वाची मानके पुढीलप्रमाणे आहेत :

१९९५ – एडीएसएलचे अमेरिकी मानक टी१.४१३.
१९९९ – आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे एडीएसएल मानक जी.९९२.१, कमाल वारंवारता १.१०४ मेगाहर्ट्झ.
२००३ – एडीएसएल२+ (जी.९९२.५), कमाल वारंवारता २.२०८ मेगाहर्ट्झ, आदर्श स्थितीत सेकंदाला सुमारे २४ मेगाबिट.
२००६ – व्हीडीएसएल२ (जी.९९३.२), कमाल वारंवारता ३० मेगाहर्ट्झपर्यंत.
२०१० – व्हेक्टरिंग (जी.९९३.५).
२०१४ – जी.फास्ट (जी.९७०१), कमाल वारंवारता १०६ मेगाहर्ट्झ.

प्रत्येक टप्प्यावर वारंवारता वाढत गेली आणि तिच्याबरोबर क्रॉसटॉकही वाढत गेला.

क्रॉसटॉक कसा निर्माण होतो

शेजारी असलेल्या दोन तारांमध्ये विजेचा थेट संपर्क नसला, तरी दोन मार्गांनी त्यांचा परस्परांवर परिणाम होतो. पहिला मार्ग धारितेचा. दोन तारा आणि त्यांमधील प्लॅस्टिकचे आवरण मिळून एक लहानसा धारित्र तयार होतो आणि उच्च वारंवारतेचा प्रवाह त्यातून पलीकडे जातो. दुसरा मार्ग चुंबकीय प्रवर्तनाचा. एका तारेतील बदलत्या प्रवाहामुळे तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्यामुळे शेजारच्या तारेत विद्युतदाब उत्पन्न होतो. दोन्ही परिणाम वारंवारतेबरोबर वाढतात.

तारजोडी पिळण्याचा फायदा येथे लक्षात येतो. जोडीतील दोन तारांवरून सारख्याच पण विरुद्ध दिशेच्या संकेताची ये-जा होते व ग्राहकाकडील यंत्र त्या दोहोंतील फरक मोजते. जोडी पिळलेली असेल, तर शेजारच्या तारेला कधी पहिली तार जवळची असते, कधी दुसरी. म्हणून बाहेरून येणारा परिणाम दोन्ही तारांवर सरासरीने सारखाच होतो आणि फरक काढताना तो नाहीसा होतो. यालाच जोडीचा समतोल म्हणतात. हा समतोल व्यवहारात कधीच पूर्ण नसतो. तारांची जाडी, आवरणाची जाडी, पिळाचे अंतर यांत किंचित फरक राहतातच. त्या फरकांतून जे उरते तेच क्रॉसटॉक म्हणून प्रकट होते.

प्रकार

क्रॉसटॉकचे दोन प्रकार मानले जातात.

निकट-टोक क्रॉसटॉक : यात त्रास देणारा प्रेषक व त्रास सोसणारा ग्राही हे दोघेही केबलच्या एकाच टोकाला असतात. ग्राहीकडे येणारा स्वतःचा संकेत काही किलोमीटर प्रवास करून क्षीण झालेला असतो, तर शेजारचा प्रेषक पूर्ण जोरात बोलत असतो. दूरच्या माणसाची हाक ऐकण्याचा प्रयत्न करीत असताना कानाशी कोणीतरी मोठ्याने बोलावे, तशी ही स्थिती असते. हा प्रकार अधिक घातक असून केबलच्या लांबीने त्यात फारसा फरक पडत नाही.

दूर-टोक क्रॉसटॉक : यात त्रास देणारा प्रेषक केबलच्या दुसऱ्या टोकाला असतो. झिरपलेला अंशही मूळ संकेताबरोबर तेवढाच प्रवास करतो व तोही क्षीण होतो. त्यामुळे लांब तारांवर तो दुबळा असतो. परंतु आखूड तारांवर व उच्च वारंवारतेस हाच प्रकार मुख्य अडथळा ठरतो.

केंद्राच्या बाजूला शेकडो जोड्या एकाच जाड केबलमध्ये एकत्र येतात, तर ग्राहकांच्या बाजूला त्या निरनिराळ्या वाड्यावस्त्यांमध्ये विखुरतात. म्हणून निकट-टोक क्रॉसटॉकची झळ केंद्राकडील ग्राहींना अधिक बसते. पुढे सांगितलेल्या वारंवारता विभागणीचे महत्त्व यावरून समजते.

वेगावर होणारा परिणाम

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार कोणत्याही मार्गावरून मिळू शकणारा माहितीचा वेग हा वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी आणि संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर यांवर अवलंबून असतो. संकेत कितीही मोठा असला, तरी गोंगाट त्याच प्रमाणात मोठा असेल तर लाभ होत नाही.

एडीएसएलमध्ये उपलब्ध पट्टा सुमारे ४.३ किलोहर्ट्झ रुंदीच्या अनेक लहान उपपट्ट्यांत विभागलेला असतो. मूळ एडीएसएलमध्ये असे २५६, तर एडीएसएल२+ मध्ये ५१२ उपपट्टे असतात. प्रत्येक उपपट्ट्यावर सेकंदाला ४००० वेळा संकेत पाठविला जातो आणि गोंगाट कमी असेल तेथे प्रत्येक वेळी जास्त बिट, जास्त असेल तेथे कमी बिट बसविले जातात. एका वेळी जास्तीत जास्त १५ बिट बसू शकतात. गोंगाट साधारण ३ डेसिबलने, म्हणजे दुपटीने, वाढला की प्रत्येक उपपट्ट्यातील एक बिट गमवावा लागतो.

अभियंते वापरत असलेल्या प्रचलित गणिती नमुन्यानुसार केबलमधील त्रासदायक जोड्यांची संख्या एकावरून दहावर गेली, तर क्रॉसटॉक सुमारे ६ डेसिबलने, म्हणजे चौपट, वाढतो. अशा वेळी प्रत्येक उपपट्ट्यातील दोन बिट कमी होतात. समजा, एखाद्या ग्राहकाचे ३०० उपपट्टे वापरात आहेत. ३०० गुणिले २ गुणिले ४००० असा हिशेब केला, तर त्याचा वेग सेकंदाला २४ लाख बिटने, म्हणजे २.४ मेगाबिटने, घटतो. त्याची तार तुटलेली नसते आणि मोडेमही बिघडलेला नसतो. फक्त त्याच केबलमधील आणखी नऊ घरांत इंटरनेट आलेले असते.

निवारणाचे उपाय

१. केबलची रचना व जोडकाम

पहिला उपाय केबल तयार करतानाच योजला जातो. शेजारच्या जोड्यांच्या पिळाचे अंतर मुद्दाम वेगवेगळे ठेवतात. दोन जोड्यांचा पीळ सारखाच असेल, तर एकाच तारेशी एकच तार सतत जवळ येत राहते आणि पिळण्याचा लाभ निघून जातो. दहा, वीस किंवा पंचवीस जोड्यांचे गट करून त्यांना रंगीत दोऱ्याने बांधतात. वेगवेगळ्या गटांतील जोड्यांमध्ये क्रॉसटॉक कमी असतो. म्हणून डीएसएलच्या जोड्या एकाच गटात न कोंबता निरनिराळ्या गटांत वाटून देणे हा सोपा व बिनखर्चाचा उपाय आहे.

केबलची रचना कितीही चांगली असली, तरी जोडकामात ती बिघडू शकते. सर्वांत फसवा दोष म्हणजे फुटलेली जोडी. जोडकाम करताना एका जोडीतील एक तार आणि दुसऱ्या जोडीतील एक तार चुकून एकत्र घेतली जाते. तपासणी केली असता दोन्ही तारा सलग आढळतात, त्या जमिनीला लागलेल्या नसतात आणि दूरध्वनीवर बोलणेही होते. त्यामुळे दोष ध्यानात येत नाही. परंतु त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या नसल्याने समतोल नाहीसा होतो आणि डीएसएल चालत नाही किंवा वारंवार तुटते. असा दोष शोधण्यासाठी जोडीच्या धारितेचे मापन करावे लागते किंवा तारेवर स्पंद पाठवून त्याचा परावर्तित भाग तपासावा लागतो.

घरातील तारांचेही महत्त्व आहे. रोझेटपासून मोडेमपर्यंत लांबलचक, न पिळलेली चपटी तार वापरणे, समांतर जोडलेल्या जुन्या तारा लोंबकळत ठेवणे आणि दूरध्वनी संचाला फिल्टर न लावणे या गोष्टी समतोल बिघडवितात किंवा संकेत परावर्तित करतात.

२. वारंवारतांची विभागणी

केंद्राकडून ग्राहकाकडे जाणारा आणि ग्राहकाकडून केंद्राकडे येणारा संकेत वेगवेगळ्या वारंवारतांवर ठेवला, तर निकट-टोक क्रॉसटॉक बव्हंशी टळतो. कारण शेजारचा प्रेषक ज्या वारंवारतेवर बोलतो त्या वारंवारतेवर आपला ग्राही ऐकतच नसतो. एडीएसएलमध्ये ग्राहकाकडून येणाऱ्या संकेतास साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ, तर ग्राहकाकडे जाणाऱ्या संकेतास १३८ किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा दिलेला असतो.

अमेरिकेतील बेलकोअर या संशोधनसंस्थेतील जोसेफ लेक्लायडर यांनी ही असमान विभागणी सुचविली. दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याच्या आग्रहामुळे क्रॉसटॉक वाढतो व एकूण वेग घटतो, हे त्यांनी गणिताने दाखविले. घरगुती इंटरनेटवर माहिती उतरविण्याचा वेग जास्त व चढविण्याचा वेग कमी का असतो, याचे एक मूळ कारण क्रॉसटॉकमध्ये आहे.

एडीएसएलमध्ये स्वीकारल्या गेलेल्या उपपट्ट्यांच्या पद्धतीच्या विकासात स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन सिऑफी यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे डॉक्टरेटचे मार्गदर्शक थॉमस कैलाथ यांचा जन्म पुण्यात झाला असून त्यांनी १९५६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली होती.

३. शक्तीचे नियंत्रण

केंद्रापासून ३०० मीटरवर असलेले दुकान आणि त्याच केबलवर दीड किलोमीटर अंतरावर असलेले घर यांची कल्पना करू. दोन्ही मोडेम सारख्याच जोराने संकेत पाठवीत असतील, तर दुकानाचा संकेत केंद्राजवळ जोरकस असतो आणि घराकडून आलेला क्षीण संकेत त्याखाली दबून जातो. दुकानाला मात्र एवढ्या जोराची गरज नसते. म्हणून व्हीडीएसएलमध्ये जवळच्या मोडेमने आपली शक्ती ठरलेल्या नियमाने कमी करावी अशी तरतूद आहे. जवळच्याने थोडे सोडले की दूरच्याला पुष्कळ मिळते.

२००२ मध्ये वेई यू, जॉर्ज गिनिस व जॉन सिऑफी यांनी प्रत्येक मोडेमने आपली शक्ती कोणत्या वारंवारतेवर किती खर्च करावी याची पद्धती मांडली. प्रत्येक मोडेम आपल्यापुरता गोंगाट मोजतो, जेथे तो कमी आहे तेथे शक्ती वळवितो आणि ठरलेल्या वेगापुरतीच शक्ती वापरतो. सर्वांनी हे पुनःपुन्हा केले की केबलमध्ये एक स्थिर वाटणी तयार होते.

४. व्हेक्टरिंग

वरील तिन्ही उपायांत क्रॉसटॉक टाळला किंवा कमी केला जातो. व्हेक्टरिंगमध्ये तो वजा केला जातो. गिनिस व सिऑफी यांनी २००२ मध्ये या पद्धतीची सविस्तर मांडणी केली आणि २०१० मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले.

केंद्रातील किंवा रस्त्याकडेच्या पेटीतील ज्या यंत्रातून सर्व ग्राहकांच्या जोड्या निघतात, त्यास डीस्लॅम म्हणतात. कोणत्या जोडीवर कोणता संकेत जाणार हे त्याला आधीच ठाऊक असते. समजा, ब या जोडीवरील संकेताचा शंभरावा भाग अ या जोडीत झिरपतो. डीस्लॅम अ चा संकेत पाठविण्यापूर्वीच त्यातून ब च्या संकेताचा शंभरावा भाग वजा करतो. वाटेत ब चा तेवढाच अंश अ मध्ये मिसळतो आणि ग्राहकाकडे पोहोचेपर्यंत वजाबाकी व बेरीज एकमेकींना फेडून टाकतात. ग्राहकाला जवळजवळ स्वच्छ संकेत मिळतो. उलट दिशेने, म्हणजे ग्राहकाकडून येणाऱ्या संकेतांच्या बाबतीत, हीच वजाबाकी केंद्रात संकेत पोहोचल्यावर करतात.

कोणती जोडी कोणत्या जोडीत किती झिरपते हे आधी मोजावे लागते. त्यासाठी प्रत्येक जोडीवर ठराविक वेळाने एक ओळखीचा नमुना पाठविला जातो. हे नमुने परस्परांपासून वेगळे ओळखता येतील अशा रीतीने निवडलेले असतात. ग्राहकाचा मोडेम आपल्याकडे आलेली चूक मोजून केंद्राला कळवितो आणि त्यावरून डीस्लॅम प्रत्येक जोडीचा हिस्सा काढतो. तापमान बदलले, नवा ग्राहक जोडला गेला किंवा कोणी मोडेम बंद केला, तर हे मापन पुन्हा करावे लागते.

हे काम गणनेच्या दृष्टीने जड आहे. १०० जोड्या असतील तर जोड्या-जोड्यांतील संबंध १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० होतात. सुमारे ४००० उपपट्टे आणि सेकंदाला ४००० संकेत धरले, तर सेकंदाला सुमारे १६,००० कोटी गुणाकार करावे लागतात. २००२ मध्ये मांडलेली पद्धत मानकापर्यंत व यंत्रांपर्यंत पोहोचण्यास जी वर्षे लागली, त्याचे एक कारण हे आहे.

खानदेशातील संदर्भ

मुंबई वगळता महाराष्ट्रातील सरकारी दूरध्वनी जाळे ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगम लिमिटेडकडे आहे. जळगाव (संकेतांक ०२५७) व धुळे (संकेतांक ०२५६२) येथील तांब्याचे जाळे मुख्यतः आवाजासाठी उभारलेले होते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. त्यात ब्रॉडबँडची किमान मर्यादा सेकंदाला २५६ किलोबिट अशी ठरविण्यात आली. जानेवारी २००५ मध्ये निगमची 'डेटावन' ही एडीएसएल सेवा देशात सुरू झाली. २०१३ मध्ये किमान मर्यादा ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. म्हणजे आवाजासाठी टाकलेल्या तारांकडून अपेक्षा सतत वाढत गेल्या.

या जाळ्यात केंद्रातील मुख्य चौकटीपासून जाड केबल कॅबिनेटपर्यंत, तेथून पिलरपर्यंत व पुढे डीपीपर्यंत जाते. डीपीपासून घरापर्यंत ड्रॉप वायर असते. तांब्याच्या तारांची जाडी साधारण ०.४ किंवा ०.५ मिलिमीटर असते. ०.४ मिलिमीटर तारेच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला सुमारे २७५ ओहम, तर ०.५ मिलिमीटर तारेचा सुमारे १७५ ओहम भरतो. प्रत्येक टप्प्यावर जोड असतो आणि प्रत्येक जोड हा समतोल बिघडण्याचा संभाव्य बिंदू असतो.

खानदेशच्या भूगोलामुळे या प्रश्नाला काही स्थानिक पैलू लाभतात. तापी व तिच्या गिरणा, पांझरा या उपनद्यांच्या खोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत पुरलेल्या केबलच्या जोडांवर ताण येतो. जोडात ओल शिरून जोडीतील एकाच तारेचे आवरण दुबळे झाले, तर ती जोडी असमतोल होते व शेजारचा संकेत अधिक ओढून घेते. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढत असल्याने २० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांवर तो सुमारे १० टक्के अधिक असतो. जमिनीतील केबलला ही झळ कमी बसते. उन्हात लोंबणाऱ्या ड्रॉप वायरला अधिक. संकेत क्षीण झाला की तेवढाच क्रॉसटॉक अधिक जाचक ठरतो.

भुसावळ-जळगाव-चाळीसगाव या लोहमार्गावर २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर गाड्या धावतात. मार्गाला समांतर जाणाऱ्या संदेशवहनाच्या तारांवर तिचे प्रवर्तन होते. हा क्रॉसटॉक नव्हे. परंतु जोडीचा समतोल चांगला असेल तर दोन्हींपासून बचाव होतो आणि समतोल बिघडलेला असेल तर दोन्हींचा उपद्रव एकदमच वाढतो. जळगाव-धुळे महामार्गाच्या फागणे-तरसोद टप्प्याच्या चौपदरीकरणासारख्या कामांत जे खोदकाम होते, त्यात केबल तुटण्याचा धोका असतो. घाईने केलेल्या प्रत्येक दुरुस्तीबरोबर केबलमध्ये एक नवा जोड येतो.

भारनियमनाच्या काळात आणखी एक गोष्ट घडत असे. वीज आल्याबरोबर एका भागातील सर्व मोडेम मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू होतात. जो मोडेम प्रथम जुळतो त्याला शेजारी शांत असल्यामुळे तार स्वच्छ वाटते व तो मोठा वेग स्वीकारतो. मग इतर मोडेम जागे होतात, गोंगाट वाढतो आणि साधारण ६ डेसिबलची राखीव मर्यादा ओलांडली गेली की पहिल्याची जोडणी तुटते. तपासणीस आलेल्या लाईनमनला तारेत दोष आढळत नाही, कारण दोष तारेत नसतो. कमाल वेगाला मर्यादा घालणे, राखीव मर्यादा वाढविणे किंवा जोडणी न तोडता वेग कमी-जास्त करणारी नवी पद्धत वापरणे हे यावरील उपाय आहेत.

मर्यादा

व्हेक्टरिंगचा लाभ आखूड तारांवर सर्वाधिक असतो. साधारण एक किलोमीटरपलीकडे उच्च वारंवारता तारेतच विरून जातात; तेथे क्रॉसटॉक काढून टाकला तरी उरलेला संकेत पुरेसा नसतो. जळगाव व धुळे शहरांच्या दाट वस्तीत असे उपाय अर्थपूर्ण ठरतात. साक्री, शिरपूर, यावल, रावेर यांसारख्या तालुक्यांतील विखुरलेल्या वस्त्यांत तारांची लांबी हाच मुख्य अडथळा असतो. तेथे डीस्लॅम गावाजवळ आणणे, जोड सुधारणे व फुटलेल्या जोड्या शोधणे हे उपाय अधिक उपयोगी पडतात.

दुसरी मर्यादा व्यवस्थापनाची आहे. केबलमधील सर्व जोड्या एकाच यंत्राच्या नियंत्रणात असतील तरच पूर्ण वजाबाकी करता येते. एकाच केबलमधील जोड्या निरनिराळ्या कंपन्यांना भाड्याने दिल्या असतील, तर एका कंपनीच्या यंत्राला दुसरीचे संकेत ठाऊक नसतात. युरोपात स्पर्धा टिकविणे व व्हेक्टरिंगला वाव देणे यांत यामुळे पेच निर्माण झाला. जर्मनीतील नियामक संस्थेला २०१३ मध्ये त्यावर निर्णय द्यावा लागला. भारतात २००४ च्या धोरणाने तांब्याच्या तारा इतर कंपन्यांना देणे बंधनकारक केले नाही. त्यामुळे हा पेच येथे उद्भवला नाही.

तिसरी मर्यादा मनुष्यबळाची. तांब्याच्या जाळ्याची गुणवत्ता जोडकाम करणाऱ्या हातांवर अवलंबून असते. निगमच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतून ३१ जानेवारी २०२० रोजी देशभरातील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी निवृत्त झाले. रंगांच्या क्रमावरून जोडी ओळखणे, जोडात ओल न शिरू देणे, पीळ शेवटपर्यंत राखणे ही अनुभवाने येणारी कौशल्ये आहेत. कोणतेही गणित त्यांची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

सद्यस्थिती

भारतात तांब्याच्या तारांवर व्हेक्टरिंगचा मोठा प्रसार होण्यापूर्वीच मोबाईल इंटरनेट व प्रकाशीय तंतू यांनी जागा घेतली. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याच्या प्रकल्पास २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तो पुढे भारतनेट या नावाने ओळखला जाऊ लागला. काचेच्या तंतूत माहिती प्रकाशाच्या रूपाने जाते व एका तंतूतील प्रकाश शेजारच्या तंतूत झिरपत नाही. त्यामुळे तांब्याच्या केबलमधील क्रॉसटॉकचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

तरीही हा विषय कालबाह्य झालेला नाही. शाळा, महाविद्यालये व कार्यालयांमधील संगणक जोडणाऱ्या इथरनेट केबलमध्ये चार पिळलेल्या जोड्या असतात. त्यांच्या पिळाचे अंतर वेगवेगळे ठेवलेले असते आणि सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या जोडणीत यंत्रे निकट-टोक क्रॉसटॉक वजा करीतच काम करतात. अशा केबलचे टोक जोडताना पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडला किंवा रंगांचा क्रम चुकून जोडी फुटली, तर वेग घटतो. व्हेक्टरिंगमागील गणित अनेक अँटेनांच्या साहाय्याने एकाच वेळी अनेक मोबाईलधारकांना सेवा देणाऱ्या बिनतारी पद्धतींतही वापरले जाते. तेथे तारेऐवजी हवा असते, परंतु शेजाऱ्याचा संकेत आधीच ओळखून वजा करण्याचे तत्त्व तेच राहते.

हे सुद्धा पहा

दूरध्वनी
ब्रॉडबँड
प्रकाशीय तंतू
क्लॉड शॅनन
अलेक्झांडर ग्रॅहम बेल
भारत संचार निगम लिमिटेड
खानदेश